मराठवाड्यातील उच्च शिक्षण आणि विषयनिवडीच्या मार्गदर्शनाचा प्रश्न : औरंगाबाद केंद्राचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

भारतीय उच्च शिक्षणाच्या इतिहासाचे लेखन बहुधा संस्थांची स्थापना, विद्यापीठांचे कायदे, शिक्षणाचे माध्यम आणि प्रवेशाचा हक्क या चार प्रश्नांभोवती झालेले आहे. विद्यार्थी महाविद्यालयाच्या दारापर्यंत कसा पोहोचला, याची नोंद या लेखनात विपुल आढळते. दाराच्या आत आल्यानंतर त्याने कोणती शाखा घेतली, ती कोणाच्या सांगण्यावरून घेतली आणि ज्याचे काहीच ठरलेले नव्हते त्याला कोणी सल्ला दिला, या प्रश्नांकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले आहे. वस्तुतः ज्या प्रदेशात विद्यार्थ्यांची पहिलीच पिढी महाविद्यालयात येत होती, तेथे विषयनिवड हा प्रवेशाइतकाच निर्णायक प्रश्न होता.

मराठवाडा हा असा प्रदेश होय. निजामाच्या राजवटीतील शिक्षणव्यवस्था, हैदराबाद मुक्तिसंग्राम, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत स्थापन केलेले महाविद्यालय, १९५८ मध्ये स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ आणि अलीकडचे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० असा या प्रदेशाचा शैक्षणिक प्रवास आहे. या प्रवासात विद्यार्थ्यापुढील पर्याय वाढत गेले. पर्यायांबरोबर मार्गदर्शनाची व्यवस्था वाढली का, आणि असे मार्गदर्शन सक्तीचे असावे का, या दोन प्रश्नांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. २०२३ मध्ये औरंगाबाद शहराचे छत्रपती संभाजीनगर असे नामांतर झाले. लेखात त्या त्या काळातील प्रचलित नावे वापरली आहेत.

शैक्षणिक मार्गदर्शन : संकल्पनेचा उगम

विद्यार्थ्याला अभ्यासक्रम निवडण्यासाठी शिक्षकाने सल्ला द्यावा, ही कल्पना पर्यायांच्या वाढीतून जन्मास आली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत अमेरिकेतील महाविद्यालयांचा अभ्यासक्रम बव्हंशी ठरावीक होता. चार्ल्स एलियट हे १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाल्यानंतर त्यांनी ऐच्छिक विषयांची पद्धती विस्तारली. निवडीचे स्वातंत्र्य मिळताच निवडीचा गोंधळही निर्माण झाला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १८७७ च्या सुमारास प्राध्यापक-सल्लागारांची पद्धती सुरू केली, तर हार्वर्डने १८८९ मध्ये प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी सल्लागार मंडळ नेमले. पुढे तेथील अनेक विद्यापीठांत, ज्या विद्यार्थ्याने मुख्य विषय ठरविलेला नाही त्याने सल्लागाराची भेट घेतल्याखेरीज पुढील सत्राची नोंदणी होणार नाही, असा नियमच रूढ झाला.

भारतात या विचाराचा प्रवेश मानसशास्त्राच्या मार्गाने झाला. कलकत्ता विद्यापीठाच्या उपयोजित मानसशास्त्र विभागात १९३८ मध्ये मार्गदर्शनविषयक कार्यास आरंभ झाला. मुंबईत १९४७ मध्ये पारशी पंचायतीने व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढले आणि १९५० मध्ये मुंबई सरकारनेही तसे केंद्र स्थापन केले. या कार्याचा भर शालेय विद्यार्थी आणि व्यवसायनिवड यांवर होता. महाविद्यालयात येऊन पोहोचलेल्या, पण मनाने अनिश्चित असलेल्या विद्यार्थ्याचा स्वतंत्र विचार त्यात गौण राहिला. शिवाय ही केंद्रे महानगरांतील होती. औरंगाबादचा इतिहास या काळात वेगळ्याच वाटेने चालला होता.

उस्मानिया कालखंड : निवडीपूर्वीच ठरलेली वाट

हैदराबाद संस्थानात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली. एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा धाडसी प्रयोग होता. मात्र ही भाषा उर्दू होती, आणि मराठवाड्यातील बहुसंख्य विद्यार्थ्यांची मातृभाषा मराठी होती. औरंगाबाद येथे १९२३ मध्ये या विद्यापीठाच्या कक्षेत इंटरमिजिएट महाविद्यालय सुरू झाले. उर्दूचे विख्यात अभ्यासक मौलवी अब्दुल हक यांनी १९२० च्या दशकात त्याचे प्राचार्यपद भूषविले. शासकीय कला व विज्ञान महाविद्यालयाची परंपरा येथपर्यंत जाते.

या व्यवस्थेत विद्यार्थ्याला विषय निवडण्यापूर्वीच अनेक गोष्टी निवडलेल्या असत. माध्यम ठरलेले होते. इंटरनंतर पदवीसाठी मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज मार्गाने हैदराबाद गाठणे, किंवा संस्थानाची सीमा ओलांडून पुणे, मुंबई, नागपूर अशा ठिकाणी जाणे, हेच पर्याय होते. ज्याच्या घरी वतन, वकिली अथवा सरकारी नोकरी होती, त्याला घरातूनच सल्ला मिळे. ज्याच्या घरी यांपैकी काहीच नव्हते, तो बहुधा महाविद्यालयापर्यंत पोहोचतच नसे. त्यामुळे मार्गदर्शनाचा अभाव हा प्रश्न म्हणून पुढे आला नाही.

१९३८ च्या अखेरीस झालेल्या वंदे मातरम् चळवळीने हे चित्र क्षणभर उघडे केले. औरंगाबादच्या इंटरमिजिएट महाविद्यालयातील वसतिगृहात सुरू झालेला हा संघर्ष हैदराबादपर्यंत पसरला आणि उस्मानिया विद्यापीठाने मोठ्या संख्येने विद्यार्थ्यांना काढून टाकले. त्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक होत. शिक्षण अर्ध्यावर तुटलेल्या विद्यार्थ्यांना पुढची वाट दाखविण्याचे काम येथे चळवळीच्या कार्यकर्त्यांनी केले. विद्यार्थ्याला मार्ग दाखविणारी शक्ती संस्थेच्या बाहेर असणे, हे या प्रदेशाचे वैशिष्ट्य पुढेही दीर्घकाळ टिकले.

मिलिंद महाविद्यालय : सहवासातून मार्गदर्शन

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, जून १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. ८ जुलै १९४५ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले होते. औरंगाबादच्या इमारतीची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते १ सप्टेंबर १९५१ रोजी बसविण्यात आली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्याकडे महाविद्यालयाची धुरा होती.

विषयनिवडीचा प्रश्न डॉ. आंबेडकरांनी संस्था स्थापण्यापूर्वीच हाताळलेला होता. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांविषयी जे निवेदन सादर केले, त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी होती. कला आणि कायदा या शाखांचे शिक्षण घेऊन समाजाची स्थिती पुरेशी बदलणार नाही, विज्ञान व तंत्रज्ञानात प्रवेश मिळाला पाहिजे, आणि हे शिक्षण खर्चिक असल्याने शासनाने भार उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. कोणत्या शाखेत जावे हा प्रश्न त्यांनी अशा रीतीने व्यक्तीच्या आवडीपुरता न ठेवता सामाजिक धोरणाच्या पातळीवर नेला. १९४४ मध्ये केंद्र सरकारची अनुसूचित जातींसाठीची शिष्यवृत्ती योजना सुरू झाली, तिच्यामागे त्यांच्या या प्रयत्नांचे बळ होते.

त्यांचा स्वतःचा शैक्षणिक अनुभवही येथे महत्त्वाचा ठरतो. शालेय वयात त्यांना संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्यतेमुळे ते नाकारले गेले आणि पर्शियन घ्यावी लागली. विषयनिवड ही शिक्षकाच्या मर्जीवर सोपविली तर ती विद्यार्थ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते, याचा हा ठळक पुरावा होय. याच्या उलट, कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने तरुण भीमरावांना ग्रंथ दिला आणि बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत पोहोचविले. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे प्रा. सेलिग्मन यांचे मार्गदर्शन आणि प्रा. जॉन ड्यूई यांचे अध्यापन त्यांना लाभले. अर्थशास्त्राबरोबरच समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र अशा विविध विषयांचे अध्ययन त्यांनी केले. मार्गदर्शकाचे दोन्ही चेहरे, वाट अडविणारा आणि वाट दाखविणारा, त्यांनी पाहिलेले होते.

महाविद्यालयाचे मिलिंद हे नाव या संदर्भात अर्थपूर्ण आहे. ग्रीक राजा मिलिंद, म्हणजे मिनँडर, आणि भिक्खू नागसेन यांच्यातील संवादावर 'मिलिंदपञ्ह' हा पाली ग्रंथ आधारलेला आहे. राजा प्रश्न विचारतो आणि भिक्खू उत्तर देतो; पण त्यापूर्वी, हा संवाद विद्वानांच्या रीतीने व्हावा, राजाच्या अधिकाराने होऊ नये, असे उभयतांत ठरते. परिसराला मिळालेले नागसेनवन हे नाव याच परंपरेतील आहे. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्यातील अधिकाराची दरी दूर ठेवून केलेला संवाद, हा मार्गदर्शनाचा आदर्श त्या नावातच अनुस्यूत आहे.

नागसेनवनात वसतिगृह, ग्रंथालय आणि शिक्षक यांचे सान्निध्य एकाच परिसरात साधले गेले. खेड्यांतून आलेल्या, घरात पूर्वी कोणी महाविद्यालय न पाहिलेल्या विद्यार्थ्यासाठी हे सान्निध्य फार मोलाचे होते. १९५५ मध्ये आंबेडकरांच्या उपस्थितीत प्रयोग झालेले 'युगयात्रा' हे नाटक स्वतः प्राचार्य चिटणीसांनी लिहिलेले होते. प्राचार्य आणि विद्यार्थी यांचा संबंध केवळ कार्यालयीन नव्हता, हे यावरून स्पष्ट होते. पुढे 'अस्मितादर्श' या नियतकालिकाद्वारे दलित साहित्याला व्यासपीठ देणारे डॉ. गंगाधर पानतावणे यांच्यासारखे अध्यापक याच परिसरात कार्यरत होते.

या मार्गदर्शनाची मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. ते व्यक्तींच्या निष्ठेवर उभे होते. निष्ठावान प्राचार्य आणि परिसरातच राहणारे अध्यापक असतील तोवर ते टिके. त्याचा नियम झाला नाही, आणि इतर महाविद्यालयांनी अनुकरण करावे अशी लेखी पद्धतीही त्यातून तयार झाली नाही.

मराठवाडा विद्यापीठ : विस्तार आणि अंतर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. येथील महाविद्यालये मात्र हैदराबादच्या, म्हणजे आता आंध्र प्रदेशातील, उस्मानिया विद्यापीठाशीच संलग्न राहिली. ही विसंगती २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या स्थापनेने दूर झाली. पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते विद्यापीठाचे उद्घाटन झाले. मुंबई विद्यापीठाच्या प्रशासनाचा दीर्घ अनुभव असलेले सुं. रा. डोंगरकेरी हे पहिले कुलगुरू होत.

त्यानंतरच्या काही वर्षांत शहरातील शैक्षणिक पर्याय झपाट्याने वाढले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्येच सुरू झाले होते. १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि देवगिरी महाविद्यालय, १९६३ मध्ये डॉ. रफिक झकेरिया यांच्या प्रयत्नांतून मौलाना आझाद महाविद्यालय अशी ही मालिका आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी ज्या विद्यार्थ्यापुढे एखाददुसरी वाट होती, त्याच्यापुढे आता कला, विज्ञान, वाणिज्य, वैद्यक आणि अभियांत्रिकी अशा पाच वाटा एकाच शहरात उभ्या राहिल्या.

राष्ट्रीय पातळीवर या बदलाची जाणीव झालेली होती. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ मध्ये विद्यार्थी कल्याणासाठी स्वतंत्र यंत्रणेची शिफारस केली. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४–६६) एक पाऊल पुढे टाकले. मार्गदर्शन व समुपदेशन हा उच्च शिक्षणसंस्थेतील सुविधांचा अविभाज्य भाग असावा, त्यातून विद्यार्थ्याला अभ्यासक्रम निवडण्यास साहाय्य व्हावे आणि दर एक हजार विद्यार्थ्यांमागे किमान एक समुपदेशक असावा, असे आयोगाने सुचविले. शिफारस स्पष्ट होती. तथापि पदनिर्मिती आणि अनुदान यांची जोड तिला मिळाली नाही. ग्रामीण भागात नव्याने निघालेल्या महाविद्यालयांत विषयशिक्षक मिळविणे हीच अडचण होती. तेथे समुपदेशकाचे पद ही दूरची गोष्ट ठरली.

नवा आकृतिबंध आणि बाजाराचा सल्ला

कोठारी आयोगाने पुरस्कारिलेला १०+२+३ हा आकृतिबंध महाराष्ट्राने स्वीकारला आणि १९७५ मध्ये नव्या अभ्यासक्रमाची पहिली दहावीची परीक्षा झाली. या बदलाचा एक परिणाम पुरेसा चर्चिला गेलेला नाही. शाखा निवडण्याचा क्षण आता दहावीच्या निकालाला चिकटला. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने निकालानंतरच्या थोड्या दिवसांत कला, वाणिज्य किंवा विज्ञान यांपैकी एक वाट घ्यावयाची आणि नंतर विज्ञानाकडे वळण्याचे दार जवळजवळ बंद व्हावयाचे, अशी ही रचना होती. गुण अधिक तर विज्ञान, मध्यम तर वाणिज्य, कमी तर कला, ही उतरंड सल्ल्याच्या जागी बसली. गुणपत्रक हेच मार्गदर्शक झाले.

याच काळात मराठवाड्यात पदवी आणि रोजगार यांतील अंतर जाणवू लागले होते. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी अग्रभागी होते आणि नोकऱ्यांचा प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी होता. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केल्यानंतर उसळलेला हिंसाचार आणि १४ जानेवारी १९९४ रोजी झालेला नामविस्तार यांमधील सोळा वर्षांत विद्यापीठाच्या सार्वजनिक जीवनावर याच प्रश्नाची छाया राहिली. नामांतरविरोधी हिंसाचाराची झळ बसलेली दलित वस्त्यांतील मुले आणि मुली शिक्षण सुरू ठेवू शकतील की नाही, हाच मुळात प्रश्न होता. त्यांच्या विषयनिवडीची चर्चा पुढे येण्यास अवकाश उरला नाही.

१९८३ मध्ये महाराष्ट्र शासनाने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी दिल्यानंतर आणखी एक शक्ती पुढे आली. खासगी शिकवण्या, प्रवेशपूर्व वर्ग आणि जाहिराती यांनी सल्ल्याची जागा घेतली. हा सल्ला शुल्क भरू शकणाऱ्यास उपलब्ध होता आणि सल्ला देणाऱ्याचा आर्थिक संबंध निवडीशी जोडलेला होता. २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची राज्यभर कल चाचणी घेण्यात आली. मोठ्या प्रमाणावर झालेला हा पहिला शासकीय प्रयत्न म्हणून त्याचे महत्त्व आहे. परंतु चाचणीचा अहवाल हाती पडल्यावर तो समजावून देणारी व्यक्ती समोर नसेल तर तोही एक प्रकारचे गुणपत्रकच ठरतो.

श्रेयांक पद्धती : निवडीचे स्वातंत्र्य, सल्ल्याची रिकामी जागा

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांचा नवा श्रेयांक आराखडा प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात २०२३–२४ मध्ये विद्यापीठ विभाग व स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४–२५ पासून संलग्न महाविद्यालयांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी सुरू झाली. मुख्य विषय, गौण विषय, खुले ऐच्छिक विषय, कौशल्य अभ्यासक्रम, मूल्यवर्धन अभ्यासक्रम अशी निवडीची अनेक दालने त्यात आहेत. तीन वर्षांची पदवी किमान १२० आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी किमान १६० श्रेयांकांची आहे. एक किंवा दोन वर्षांनंतर प्रमाणपत्र अथवा पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा आहे. दुसऱ्या सत्राच्या अखेरीस मुख्य विषय कायम ठेवण्याचा किंवा बदलून मागण्याचा पर्यायही आयोगाच्या आराखड्यात आहे.

अनिश्चित विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा शेवटचा पर्याय ऐतिहासिक स्वरूपाचा आहे. १९७५ नंतर प्रथमच व्यवस्थेने, ठरविण्यास वेळ लागू शकतो, हे मान्य केले. पण ज्या विद्यार्थ्याला हा पर्याय अस्तित्वात आहे हेच ठाऊक नाही, त्याच्यासाठी तो कागदावरच राहतो. गंगापूर, वैजापूर किंवा कन्नड तालुक्यातील पहिल्या पिढीचा विद्यार्थी ऑनलाइन अर्ज भरताना सेवा केंद्रचालकाच्या शेजारी बसतो, आणि गौण विषयाच्या रकान्यात काय लिहावे हे पुष्कळदा तो केंद्रचालकच सुचवितो. एक वर्षानंतर बाहेर पडण्याची मुभाही सल्ल्याच्या अभावी गळतीचे सभ्य नाव ठरू शकते.

नॅकच्या २०१७ च्या सुधारित मूल्यमापन पद्धतीत मार्गदर्शक शिक्षक व विद्यार्थी यांचे प्रमाण विचारले जाऊ लागले. त्यामुळे महाविद्यालयांत मार्गदर्शक शिक्षकांच्या याद्या तयार झाल्या. यादी ही भेटीची हमी नव्हे. प्रमाण मोजले जाते, संवाद मोजला जात नाही, ही या पद्धतीची मूलभूत उणीव होय.

सक्तीचा प्रश्न

मार्गदर्शन सक्तीचे करावे काय, याबाबत दोन आक्षेप विचारात घ्यावे लागतात. पहिला आक्षेप असा की, सज्ञान विद्यार्थ्यावर सल्ल्याची सक्ती करणे हे त्याच्या स्वातंत्र्यावर अतिक्रमण आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सल्लागाराच्या मनात जात, लिंग अथवा गाव यांविषयीचे पूर्वग्रह असतील तर सक्तीचा सल्ला म्हणजे सक्तीचा अडसर होईल. मुलीला गृहविज्ञान आणि दलित विद्यार्थ्याला कला शाखा सुचविणारा सल्लागार हा संस्कृत नाकारणाऱ्या शिक्षकाचाच वारसदार ठरेल.

दुसरा आक्षेप इतिहासाने सिद्ध केलेला आहे आणि तो डावलता येत नाही. परंतु त्यातून सल्ला नको असा निष्कर्ष निघत नाही, कारण ऐच्छिक सल्ल्याचा इतिहासही तितकाच बोलका आहे. ऐच्छिक मार्गदर्शन कक्षाकडे तोच विद्यार्थी येतो, ज्याला आपल्याला प्रश्न पडला आहे हे कळते आणि तो विचारण्याचे धैर्यही असते. ज्याला विचारण्याची सवयच नाही, तो येत नाही; आणि गरज त्यालाच सर्वाधिक असते. म्हणून सक्ती कशाची, हे स्पष्ट करणे आवश्यक ठरते. भेट सक्तीची असावी, निर्णय मात्र विद्यार्थ्याचा असावा. दुसऱ्या सत्राच्या अखेरीस प्रत्येक विद्यार्थ्याची मार्गदर्शक शिक्षकाशी एक भेट व्हावी, सर्व पर्याय आणि त्यांचे परिणाम त्यास सांगितले जावेत, याची लेखी नोंद राहावी आणि सल्ला न पटल्यास दुसऱ्या शिक्षकाकडे जाण्याचा हक्क असावा, अशी ही मर्यादित सक्ती होय. हिचे बंधन विद्यार्थ्यापेक्षा संस्थेवर अधिक पडते.

निष्कर्ष

१. औरंगाबाद केंद्राच्या इतिहासात विद्यार्थ्यापुढील पर्याय १९२३ पासून टप्प्याटप्प्याने वाढले. मार्गदर्शनाची संस्थात्मक व्यवस्था त्या प्रमाणात वाढली नाही.

२. ही पोकळी कधी चळवळीने, कधी निष्ठावान अध्यापकांनी, कधी गुणपत्रकाने आणि कधी बाजाराने भरून काढली. यांपैकी अध्यापकांचा सहवास हा सर्वांत फलदायी, परंतु व्यक्तिनिष्ठ मार्ग होता.

३. डॉ. आंबेडकरांनी शाखानिवडीचा प्रश्न सामाजिक न्यायाशी जोडला. त्यांच्या चरित्रातून मार्गदर्शनाचे सामर्थ्य आणि त्याचा धोका अशा दोन्ही बाजू दिसून येतात.

४. कोठारी आयोगाची समुपदेशकविषयक शिफारस अंमलात आली असती तर नव्या श्रेयांक पद्धतीस आवश्यक असलेली यंत्रणा तयार मिळाली असती.

५. अनिश्चित विद्यार्थ्यासाठी भेटीची सक्ती आणि निर्णयाचे स्वातंत्र्य यांची सांगड घालणारी पद्धती विद्यापीठ व महाविद्यालय या दोन्ही स्तरांवर स्वीकारणे इष्ट ठरेल.

नागसेनवनातील महाविद्यालयास प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव देण्यात आले. राजाला प्रश्न विचारण्याचा संकोच नव्हता. आज महाविद्यालयात पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला तो असतो. म्हणून पहिला प्रश्न संस्थेने विचारला पाहिजे, हाच या इतिहासाचा आशय होय.